राशोलचे दुभाषी विद्यालय आणि १६८४ चा हुकूम

१/ इंद्रायणी लोणावळ्याजवळ उगम पावते आणि मावळ ओलांडून देहूला पोहोचते. परंपरेनुसार १६०८ साली जन्मलेले तुकोबा देहूत आठ वर्षांचे होते, तेव्हा दक्षिणेस गोव्यातील साष्टी प्रांतात ओवीबद्ध मराठीत रचलेला एक ग्रंथ छापला जात होता. त्याचा कर्ता होता एक इंग्रज पाद्री.

२/ त्याचे नाव फादर थॉमस स्टीफन्स. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघून तो ऑक्टोबरात गोव्यास पोहोचला आणि पुढील सुमारे चाळीस वर्षे बव्हंशी साष्टीत राहिला. भावाला १५८३ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्याने इथल्या भाषांचे ग्रीक व लॅटिनशी साम्य असल्याचे नोंदवले. ‘भाषाकुळा’ची कल्पना युरोपात रूढ होण्याच्या दोन शतके आधीचे हे निरीक्षण होय.

३/ त्याची कर्मभूमी म्हणजे जेझुइटांचे साष्टीतील विद्यालय. १५७४ मध्ये मडगावी सुरू झालेले हे विद्यालय १६१० च्या सुमारास राशोलच्या किल्ल्याजवळ स्थिरावले. येथील पाद्र्यांचा कारभार पोर्तुगीज व लॅटिनमध्ये चाले. पण गावोगाव शिकवायचे तर स्थानिक भाषेवाचून गत्यंतर नव्हते. घरी बोलायची कोकणी आणि ग्रंथांची मराठी, दोन्ही आत्मसात कराव्या लागत.

४/ या अभ्यासामागील पार्श्वभूमी मात्र काळीकुट्ट आहे. १५६७ मध्ये राशोलच्याच किल्लेदाराने, दियोगु रॉद्रिगिशने, साष्टीतील देवळांचा विध्वंस केला होता. जुनी पुराणे वाचण्यास नवख्रिस्ती लोकांना बंदी होती. त्या पोकळीत एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने मराठीत पुराण मागितल्याचा प्रसंग स्टीफन्सच्या ग्रंथातच येतो.

५/ तो ग्रंथ म्हणजे ‘क्रिस्तपुराण’. पैले पुराण व दुसरे पुराण मिळून सुमारे ११,००० ओव्या. १६१६ मध्ये तो राशोलला छापला गेला, पण रोमन लिपीत. कारण छापखान्यात नागरी खिळे नव्हते. विषय बायबलचा, चाल मात्र ज्ञानदेव-एकनाथांच्या परंपरेतील ओवीची!

६/ स्टीफन्स १६१९ मध्ये निवर्तला. त्याने रचलेले कोकणीचे व्याकरण, इतरांनी वाढवून, १६४० मध्ये राशोललाच प्रसिद्ध झाले. एखाद्या भारतीय भाषेचे हे पहिले छापील व्याकरण मानले जाते. १६४९ आणि १६५४ मध्ये पुराणाच्या आणखी आवृत्त्या निघाल्या.

७/ १६८३ च्या अखेरीस छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजा साष्टी व बारदेशात शिरल्या. व्हाइसरॉय होता आल्व्होरचा काउंट फ्रान्सिस्कु द ताव्होरा. जुवे बेटावर तो मराठ्यांच्या हाती सापडता सापडता वाचला. पुढे शाहजादा शाहआलमची मोगल फौज आल्याने मराठे मागे फिरले.

८/ त्यानंतर काही महिन्यांतच, २७ जून १६८४ रोजी, याच व्हाइसरॉयने हुकूम काढला : प्रजेने तीन वर्षांत मातृभाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. वस्तुतः १६०६ च्या धर्मपरिषदेने पाद्र्यांना स्थानिक भाषा येणे आवश्यक ठरवले होते. आता ओझे उलटले. शिकायचे ते पाद्र्याने नव्हे, रयतेने.

९/ फर्मानाने भाषा मरत नसते. कोकणी घराघरांत टिकली. परंतु तिला राजाश्रय उरला नाही आणि छापखान्यातील ग्रंथनिर्मितीही आटली. १७५९ मध्ये जेझुइटांचीच हकालपट्टी झाली. राशोलची वास्तू पुढे धर्मप्रांताच्या सेमिनरीकडे गेली आणि आजही ती उभी आहे.

१०/ ‘क्रिस्तपुराणा’च्या पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांच्या नकला भाविकांनी जपल्या, म्हणून १९०७ मध्ये मंगळुरूला जोसेफ सालढाणांना तो पुन्हा छापता आला. नागरी लिपीतील मुद्रित आवृत्ती शांताराम बंडेलूंनी सिद्ध केली, पुण्यात, १९५६ साली. पहिल्या छपाईनंतर ३४० वर्षांनी!

११/ म्हणून राशोलचा वारसा एका वाक्यात मांडता येत नाही. ज्या सत्तेने इथली पुराणे हिरावली, तिच्याच छत्राखाली एक मराठी पुराण जन्मले. आणि त्याच सत्तेने पुढे त्या भाषेचे दार लावले. विद्यालयाची भिंत टिकली ती दगडाने. ग्रंथ टिकला तो ओव्या उतरवून घेणाऱ्या अनाम हातांमुळे.