बुटक्या सीटचा इतिहास

संपादक मंडळाकडून निरोप आला तेव्हा अपेक्षा अगदी स्पष्ट होती: "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, कृत्रिम बुद्धिमत्तेवर काहीतरी लिही." मित्रमैत्रिणींनो, त्या विषयावर मी आठवड्याचे पाच दिवस पगार घेऊन बोलते. स्मरणिकेत तरी त्यातून सुटका असावी म्हणून मी इतिहास लिहायला घेतला आहे. आपल्या इतिहासाच्या बाई हे वाचतील तेव्हा सनावळ्या बरोबर आल्या आहेत याचं त्यांना नवल वाटेल आणि विषय मोटरसायकलचा आहे याचं त्याहून जास्त.

निमित्त आपल्याच वर्गातलं. आपल्यातल्या एकानं त्याच्या जुन्या यामाहा एन्टायसरला नव्यानं क्रोम करून घेतलं आणि फोटो सगळ्यांना दाखवला. लगेच कुणीतरी विचारलं, "एवढ्या पैशांत नव्या गाडीचा हप्ता भरला असता. तुम्हा लोकांना या म्हाताऱ्या गाड्यांत दिसतं तरी काय?" त्या "तुम्हा लोकांना" मध्ये मीही येते. माझ्याकडे 2002 सालची एलिमिनेटर आहे. दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून हा लेख.

आपल्या शाळेच्या फाटकाशी कोणत्या गाड्या उभ्या असायच्या ते आठवा. मुख्याध्यापकांची चेतक, पी. टी.च्या सरांची राजदूत, बाईंची लूना, एखादी एम-80. कधी कुणा पालकांची बुलेट आली की तिच्याभोवती मुलांचा घोळका. या सगळ्या गाड्यांवर माणूस खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसायचा. क्रूझर ही जातच वेगळी. पुढचं चाक लांब पुढे गेलेलं, फोर्क तिरका, टाकी पाण्याच्या थेंबासारखी, सीट खोगिरासारखी खाली दबलेली, फूटरेस्ट पुढे आणि जिथे जमेल तिथे क्रोम. ही आकृती आपल्या मातीतली नव्हे. ती अमेरिकेतून आली, जपानमार्गे आली, आणि तिथवर येताना तिनं बरेच वेश घेतले.

सुरुवातीला प्रत्येक वळणाला कारण होतं. हार्ले-डेव्हिडसननं 1936 साली ईएल हे मॉडेल काढलं. थेंबासारखी टाकी आणि टाकीवरच बसवलेलं स्पीडोमीटर ही क्रूझरची ओळख तिथून पक्की झाली. तिकडचे रस्ते लांबच लांब आणि सरळ, त्यामुळे सावकाश फिरणारं मोठं इंजिन आणि ऐसपैस बैठक सोयीची होती. त्या कंपनीच्या मोठ्या गाड्यांना मागच्या चाकाला 1958 पर्यंत शॉकअपच नव्हते. चासीची नळी सीटखालून थेट मागच्या आसापर्यंत एका रेषेत उतरायची. ती रेषा कुणी सुंदर दिसावी म्हणून काढली नव्हती. मध्ये स्प्रिंग नसल्यामुळे ती आपोआप तशी होती. बसणाऱ्याच्या पाठीचं जे व्हायचं ते होत होतंच.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी वजन कमी करायला मडगार्ड कापले, नको ते सामान काढून टाकलं. पुढे 1960 च्या दशकात फोर्क लांबवायची हौस आली. त्याला मात्र कामाचं कारण फारसं नव्हतं, ती शुद्ध हौसच. 1969 च्या 'ईझी रायडर' चित्रपटानं ही हौस जगभर नेली. त्यातल्या गाड्या पोलीस खात्यानं लिलावात काढलेल्या जुन्या हार्ले घेऊन बनवल्या होत्या. बनवणारे क्लिफ व्हॉज आणि बेन हार्डी हे दोघे कृष्णवर्णीय कारागीर. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावं नव्हती. जगातली बहुधा सर्वांत जास्त नकला झालेली मोटरसायकल ज्यांनी घडवली, त्यांची नावं लोकांना कळायला कित्येक वर्षं गेली. पोस्टर मात्र घरोघरी लागलं.

कारखान्यानं गॅरेजवाल्यांकडे बघून गाडी काढायची ही उलटी गंगा 1971 साली वाहिली. संस्थापकांपैकी एकाचा नातू विली जी. डेव्हिडसन यानं मोठ्या गाडीची चासी आणि छोट्या गाडीचा पुढचा भाग जुळवून 'सुपर ग्लाइड' बनवली. तिची होडीच्या शेपटीसारखी सीट लोकांना आवडली नाही, बाकीची गाडी आवडली.

आणि मग 1984. इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझ्यातल्या इंजिनिअरला हा प्रसंग फार प्रिय आहे.

तोवर मागचे शॉकअप येऊन पाव शतक झालं होतं. गाडी आरामशीर झाली होती, पण सीटपासून आसापर्यंत जाणारी ती सरळ रेषा मोडली होती. जुन्या गाड्यांचे चाहते हळहळत होते. सेंट लुईसच्या बिल डेव्हिस नावाच्या इंजिनिअरनं यावर तोडगा काढला. मागची चासी जुन्या त्रिकोणी आकाराचीच दिसेल अशी केली, पण ती एका बिजागरीवर हलती ठेवली आणि शॉकअप गिअरबॉक्सच्या खाली आडवे दडवून दिले. बाजूनं पाहणाऱ्याला वाटावं, गाडीला शॉकअपच नाहीत. हार्लेनं ही रचना विकत घेतली आणि 'सॉफ्टेल' नावानं बाजारात आणली.

आमच्या धंद्यात याला म्हणतात इंटरफेस तोच ठेवून आतली अंमलबजावणी बदलणं. बँकेतल्या क्लार्कसमोरचा पडदा वीस वर्षं तसाच असतो, मागे सगळी यंत्रणा बदललेली असते, आणि त्याला ते कळलं नाही तर आम्ही स्वतःची पाठ थोपटून घेतो. सॉफ्टेल त्याच्याही पुढे गेली. जुन्या काळातला जो दोष, म्हणजे स्प्रिंग नसणं, तोच तिनं दिखाऊ वैशिष्ट्य म्हणून जपला. चार वर्षांनी, 1988 मध्ये, त्याच कंपनीनं 1949 सालीच मोठ्या गाड्यांतून हद्दपार केलेला उघड्या स्प्रिंगांचा फोर्क नव्या गाडीला पुन्हा लावला. लोकांनी आनंदानं घेतला.

जपान्यांची गोष्ट तर आणखी गमतीची. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात कावासाकी, यामाहा यांनी आपल्या सरळसोट गाड्यांना उंच हँडल आणि पायरीची सीट लावून अमेरिकन गिऱ्हाईक ओढायला सुरुवात केली. हार्ले तेव्हा डबघाईला आलेली. 1983 साली अध्यक्ष रेगन यांनी 700 सीसीवरच्या परदेशी मोटरसायकलींवर जबर आयातशुल्क लावलं, पहिल्या वर्षी तब्बल 49.4 टक्के. जपान्यांनी काय करावं? होंडा शॅडो आणि यामाहा व्हिरागो या 750 सीसीच्या गाड्या अमेरिकेसाठी 700 च्या आत आणून बसवल्या. कायद्याच्या कलमातून वाट काढण्यात आपणच हुशार असा आपला समज असतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पण खरा किस्सा आवाजाचा आहे. हार्लेच्या इंजिनात दोन सिलिंडर 45 अंशांच्या कोनात, आणि दोन्ही पिस्टनचे दांडे क्रँकशाफ्टच्या एकाच पिनेवर. त्यामुळे स्फोट समान अंतरानं होत नाहीत. एकानंतर दुसरा 315 अंशांवर, मग पुढचा 405 अंशांवर. तो लंगडत चालल्यासारखा, अडखळता ठेका यातूनच येतो. होंडाच्या इंजिनिअरांनी शॅडोमध्ये पिना एकमेकींपासून सरकवून थरथर जवळजवळ घालवली होती. उत्तम काम. गिऱ्हाईक म्हणालं, छान आहे, पण गाडीसारखी वाटत नाही. शेवटी 1995 साली होंडानं 1100 सीसीच्या एका शॅडोत पुन्हा एकच पिन बसवली, म्हणजे मेहनतीनं घालवलेली थरथर मुद्दाम परत आणली. त्या बैठकीत बसलेल्या इंजिनिअरांबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे. असल्या बैठकांना मीही बसलेली आहे.

आता आपल्याकडे. बजाज आणि कावासाकी यांचं तांत्रिक सहकार्य 1980 च्या दशकापासूनचं, केबी 100 ही त्यातलीच. जानेवारी 2001 मध्ये त्यांनी एलिमिनेटर आणली. मूळ एलिमिनेटर हे कावासाकीचं 1985 सालचं 900 सीसीचं धूड. आपल्याकडे आलेली 175 सीसीची, एका सिलिंडरची. जपानमधल्या 125 सीसीच्या एलिमिनेटरची थोरली बहीण म्हणा. त्याच वर्षाअखेरी पल्सर आली आणि सगळी तरुण पोरं तिकडे धावली. एलिमिनेटर महाग होती, ती थोड्यांनीच घेतली. 2002 मध्ये यामाहाची एन्टायसर आली, एनफिल्डची थंडरबर्डही त्याच वर्षीची. पुढे 2005 साली बजाजनं एलिमिनेटरचं रूप जवळजवळ तसंच ठेवून त्यात पल्सर 180 चं इंजिन घातलं आणि नाव दिलं अ‍ॅव्हेंजर. इंटरफेस तोच, आत दुसरंच. मला हसू आलं होतं.

खुद्द हार्ले भारतात यायला आंबा कामी आला, हे तुमच्यापैकी कोकणातल्या मंडळींना ठाऊक असेल. 2007 साली अमेरिकेनं अठरा वर्षांनी आपला आंबा घ्यायला सुरुवात केली आणि आपण त्यांच्या मोठ्या मोटरसायकलींना प्रदूषणाच्या नियमांत वाट दिली. त्या आंब्यांवर विकिरणाची प्रक्रिया कुठे झाली? कांद्याच्या लासलगावात. 2020 मध्ये हार्लेनं इथला आपला कारभार आवरता घेतला. हापूस अजून जातो.

माझी एलिमिनेटर मी 2006 मध्ये पुण्यात जुनीच घेतली. त्यात रूपाचा भाग होताच, खोटं कशाला बोला. पण मुख्य कारण सीटची उंची. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत मी कायम पहिली उभी असायचे, हे तुम्हाला आठवत असेलच. कॉलेजात मित्रांच्या गाड्या चालवून पाहिल्या. सिग्नलला थांबलं की एका पायाची बोटं कशीबशी टेकायची आणि दुसरा पाय हवेत. मागच्या रिक्षावाल्यापासून सगळे मला सल्ले द्यायचे. एलिमिनेटरवर बसले आणि दोन्ही तळवे जमिनीला टेकले. गाडीचं वजन माझ्या पायांवर आलं आणि मला ते पेललं. घरी आई म्हणाली, "स्कूटी का नाही घेत?" मावशीनं तर स्थळांची काळजी बोलून दाखवली. गॅरेजमध्ये पहिल्यांदा नेली तेव्हा मिस्त्रीनं विचारलं, "ताई, साहेब कधी येणारेत गाडी न्यायला?" साहेब तेव्हा अस्तित्वातच नव्हते.

या गाड्यांची जाहिरात सगळीकडे पुरुषी मिजाशीची झाली. दाढी, चामड्याचं जाकीट, मोकळा रस्ता. ज्या सैनिकांनी गाड्या कापून हलक्या केल्या, ज्या कारागिरांनी त्यांना तो डौल दिला, त्यांच्या मनात पाच फुटांची मराठी मुलगी असण्याचं काही कारण नव्हतं. पण दिमाखासाठी ठेवलेली ती बुटकी सीट माझ्या कामी आली. पुढे ऑफिसातल्या दोघींनी माझी गाडी चालवून पाहिली आणि अ‍ॅव्हेंजर घेतल्या, त्याही याच कारणासाठी. म्हणून "दिसतं तरी काय" या प्रश्नात मला थोडा अन्याय वाटतो. रूप म्हणजे वरवरचं, असं आपण धरून चालतो. या गाडीत रूप बदललं तर माझा पाय टेकणार नाही.

त्रासही आहेत. फोर्क तिरका असल्यानं महामार्गावर गाडी रेषा धरून चालते, पण लक्ष्मी रोडला वळवायची म्हटलं की अर्धा रस्ता लागतो. खड्डा आला की बसूनच सोसायचा, कारण पाय पुढे असल्यामुळे पटकन उभं राहता येत नाही. क्रोमची तर वेगळीच कथा. वरचा क्रोमचा थर मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. लोखंडाचं खरं रक्षण त्याखालचं निकेल करतं. निकेलला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं की पावसाळ्यात आतून गंज फुटतो. जूनच्या आधी रिमा पुसून तेलाचा हात फिरवायचा, सप्टेंबरात पुन्हा. घरचे म्हणतात, देवाच्या तांब्याभांड्यांकडे एवढं लक्ष दिलंस तर बरं.

जुन्या क्रूझरवाल्यांमध्ये दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, कारखान्यातून आली तशीच ठेवा, स्क्रूसुद्धा बदलू नका. दुसरा म्हणतो, मालकाची गाडी, मालकाची हौस. मूळ रूपाचा एवढा सोवळेपणा मला पटत नाही. जिचा सगळा वंशच कापाकापीचा, लपवाछपवीचा आणि उसनवारीचा, तिचं "मूळ" कोणत्या सालचं धरायचं? माझ्या गाडीला सीटचं कव्हर दुसरं आहे, सायलेन्सर दुसरा, आरसे तर तिसऱ्याच गाडीचे. इंजिनाबाबत मात्र मी हट्टी आहे. कावासाकीच्या रचनेचं ते इंजिन, त्याचे सुटे भाग आता मिळत नाहीत. मिस्त्री दर वर्षी सुचवतो, "ताई, अ‍ॅव्हेंजरचं इंजिन बसवून टाकू, आरटीओत नोंद करून घेऊ, कटकट संपेल." सॉफ्टेलचं एवढं कौतुक करणारी मी, मला यात अडचण का वाटावी? कारण साधं आहे: त्या इंजिनाचे पंखे मला रोज दिसतात, त्याचा गरम झाल्यावरचा वास ओळखीचा आहे, आणि ते काय करतंय ते कानांना कळतं. दिवसभर मी जे बनवते त्यातलं काहीच हाताला लागत नाही.

पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. एप्रिल 2022 पासून दुचाकीसाठी त्याचं शुल्क 300 वरून 1000 रुपये झालं. माझ्या गाडीची पुढची पाळी 2027 मध्ये आहे. क्लचच्या प्लेटा एकदा बदलून झाल्या, पिस्टनच्या रिंगांचा एक जोड मी तेलात बुडवून कपाटात ठेवला आहे. आपल्यापैकी कुणाच्या गावाकडच्या गोठ्यात, काकाच्या अडगळीत एलिमिनेटर पडून असेल, तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी मला करा. चासी नको, टाकी नको. फक्त कार्ब्युरेटर आणि डाव्या बाजूचं कव्हर हवं आहे.