गाडीतळावरचा उजेड

नवा पिकअप हडपसरमध्ये आला की त्याचा प्रवास ठरलेला असतो. देवळासमोर नारळ फुटतो, बोनेटवर हार चढतो, चाकाखाली लिंबू जातं. मग गाडी रेडियमवाल्याकडे जाते आणि तिथून ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानासमोर उभी राहते. कंपनीने कारखान्यात सगळं बसवून दिलेलं असतं. तरी बंपरवर दोन जादा दिवे, हौद्याच्या कडेने एलईडीची पट्टी, केबिनमध्ये टेप आणि मागे रिव्हर्सचा हॉर्न एवढं झाल्याशिवाय गाडी ‘तयार’ झाली असं कुणी म्हणत नाही.

मी सोलापूर रस्त्याला लागून राहतो, त्यामुळे हे दिवे मला दोन्ही बाजूंनी माहीत आहेत. रात्री टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसलो की ते हवेहवेसे वाटतात. दुचाकीवरून समोरून येताना त्यांना शिव्या द्याव्याशा वाटतात. गंमत अशी की दोन्ही वेळा माझं म्हणणं खरं असतं.

गाडीच्या दिव्यांचा इतिहास सहसा वाढत्या उजेडाची गोष्ट म्हणून सांगतात: आधी कंदील, मग बल्ब, मग हॅलोजन, मग एलईडी. हडपसरच्या गाडीतळावर उभं राहून पाहिलं तर तोच इतिहास वेगळा दिसतो. मला किती दिसतं, मी कुणाला दिसतो आणि माझ्यामुळे कुणाला दिसेनासं होतं, असे तीन प्रश्न त्यात एकमेकांत गुंतलेले आहेत.

चाकांमधला कंदील

गाडीतळ म्हणजे गाड्यांचा तळ. आज तिथे बस, रिक्षा आणि पुलाखालची गर्दी आहे, पण नाव बैलगाड्यांच्या काळाचं आहे. आषाढी वारीत ज्ञानोबांची आणि तुकोबांची पालखी पुण्याहून निघून हडपसरपर्यंत येते आणि मग दोघींच्या वाटा फुटतात: एक दिवेघाट चढून सासवडला, दुसरी लोणी काळभोरकडे. शेतमाल याच दोन वाटांनी उलट दिशेने पुण्यात येतो. मांजरीची भाजी असो, पुरंदरची अंजिरं आणि सीताफळं असोत, बाजार पहाटेचा असतो. म्हणून माल रात्री निघतो. हे बैलगाडीच्या काळातही होतं आणि आजही आहे.

बैलगाडीच्या आसाखाली, दोन चाकांच्या मध्ये, एक कंदील लटकत असायचा. मराठी मुलखात तो बहुधा ‘प्रभाकर’ असायचा. कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याने हा स्वदेशी कंदील घराघरांत पोचवला. त्याच्या उजेडात रस्ता फारसा दिसत नसे. तशी गरजही नव्हती. वाट बैलांना पाठ असे आणि गाडीवान निम्मा वेळ झोपलेला असे. कंदील दुसऱ्यांसाठी होता. मागून-पुढून येणाऱ्याला कळावं की इथे एक गाडी आहे. जमिनीलगत, मंद, कुणाच्याही डोळ्यांत न जाणारा उजेड. पुढच्या शंभर वर्षांत आपण खूप काही मिळवलं, पण हा साधेपणा हातून निसटला.

मुंबईत १८९८च्या सुमाराला मोटारी आल्या, तेव्हा त्यांच्यापुढेही जळणारेच दिवे होते. कार्बाइडच्या दिव्यात कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर थेंब थेंब पाणी पडायचं, त्यातून ॲसिटिलीन वायू निघायचा आणि तो आरशासमोर पांढऱ्या ज्योतीने जळायचा. (हेच कार्बाइड पुढे आंबे पिकवायला वापरलं गेलं आणि आता अन्नसुरक्षा कायद्याने त्यावर बंदी आहे.) १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र दिले आणि दिव्याचा संबंध आगीशी तुटून बॅटरीशी जुळला. गाडीत बॅटरी आली आणि तिच्यासोबत एक नवा माणूस जन्माला आला: वायरिंगवाला मिस्त्री.

एका कंपनीचं नाव, सगळ्या गाड्यांचं आडनाव

‘टेम्पो’ हा शब्द आपल्याला इतका मराठी वाटतो की तो कुणाचं तरी विशेषनाम होता हे सांगितलं तर पटत नाही. १९५८ साली एन. के. फिरोदिया यांनी हॅम्बर्गच्या ‘टेम्पो’ कंपनीशी करार करून बजाज टेम्पो उभी केली. तिची तीनचाकी मालगाडी रस्त्यावर आली, पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला आला, मग मॅटाडोर आली. आज त्या कंपनीचं नाव फोर्स मोटर्स आहे. जर्मनीत ‘टेम्पो’ मागितला तर लोक कागदी रुमाल पुढे करतात, कारण तिथे त्या नावाचा दुसराच ब्रँड घरोघरी पोचला. आपल्याकडे मात्र चार चाकं आणि मागे हौदा असलेली कुठलीही छोटी गाडी टेम्पो झाली, मग ती कुणीही बनवलेली असो.

त्यानंतर टाटाची ४०७ आणि २०७ आली, महिंद्राचे पिकअप आले. २००५ साली पुण्यातच टाटा एस आली. ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन आणि पाऊण टन माल. लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हटलं. बैलगाडीनंतर पहिल्यांदाच एका घराला, एका भावाला, एका कर्जावर स्वतःची मालगाडी घेता येऊ लागली. ज्याचं शेत तोच ड्रायव्हर, आणि ड्रायव्हर तोच मालक.

दिव्यांची हौस वाढली ती इथून. भाड्याच्या ट्रकवर कुणी स्वतःच्या खिशातून दिवे लावत नाही. स्वतःची गाडी, स्वतःचा माल आणि रात्रीचा रस्ता असला की माणूस दिवे लावतो. दिवेघाटाची वळणं, उसाच्या ट्रॉल्या, अचानक येणारे गतिरोधक आणि खड्डे, आणि पहाटेच्या आत मार्केट यार्ड गाठायची घाई. पाच मिनिटं उशीर म्हणजे भाव पडलेला. अशा माणसाला ‘कंपनीचे दिवे पुरेसे आहेत’ हे सांगायला आपण त्याच्या शेजारी बसून एकदा तो रस्ता पाहिलेला असला पाहिजे.

तीस, पंच्याऐंशी, शहाऐंशी, सत्त्याऐंशी

हे आकडे लॉटरीचे नाहीत. कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनला झोपेतून उठवून विचारा, तो सांगेल: हे रिलेचे पाय. जर्मन मानकातून आलेले हे क्रमांक जगभर सारखे आहेत. ३० वर बॅटरीचा करंट येतो, ८७ वरून दिव्याकडे जातो, ८५ आणि ८६ मध्ये एक छोटी कॉइल असते. बटण दाबलं की त्या कॉइलला इवलासा करंट मिळतो, ती चुंबक बनते आणि आतली पट्टी ओढून ३० आणि ८७ जोडते. लहानाने मोठ्याला हुकूम सोडायची ही सोय आहे.

तिची गरज का पडते ते एका हिशोबाने कळेल. युरोपात १९७१च्या सुमाराला एच-फोर हा दोन फिलामेंटचा हॅलोजन बल्ब आला आणि पुढे आपल्याकडेही तोच रुळला. त्याचा अपर ६० वॉटचा, डिपर ५५ वॉटचा. बारा व्होल्टवर दोन अपर मिळून १० अँपिअर खेचतात. बाजारात त्याच आकारात १०० आणि ९० वॉटचे बल्ब मिळतात. ते टाकले की करंट जवळपास १७ अँपिअरवर जातो. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे दीडपटीहून थोडा जास्त करंट आणि पावणेतीन पट उष्णता. वायर आणि बटण मात्र जुन्या हिशोबाचेच. मग बटण वितळतं, होल्डर काळा पडतो आणि कधी रस्त्याकडेला गाडी पेटते.

जाणता मिस्त्री म्हणून बल्बला हात लावायच्या आधी वायर पाहतो. हॅलोजनचं एक वैशिष्ट्य आहे: त्याच्यापर्यंत पोचणारं व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड सुमारे तीस टक्के घटतो. गंजलेलं अर्थिंग, सैल कनेक्टर आणि बारीक वायर एवढ्यानेच दिवे पिवळे पडतात. जाड वायर, चांगला फ्यूज आणि एक रिले टाकला तर तोच कंपनीचा बल्ब नव्यासारखा उजळतो. या दुरुस्तीत फोटो काढण्यासारखं काही नसतं, म्हणून तिची हवा होत नाही.

हे ज्ञान कुठल्या अभ्यासक्रमातून आलेलं नाही असं नाही. आयटीआयमध्ये वायरिंग शिकवतात. पण बरंचसं उस्तादाच्या हाताखाली, हातात टेस्टर धरूनच शिकलं गेलं. त्याचा बाजारही पुण्यातच आहे. स्पेअर पार्टसाठी नाना पेठ, इलेक्ट्रॉनिक्ससाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, आणि काहीच कुठे मिळालं नाही तर बुधवारी-रविवारी जुना बाजार. शहराच्या मध्यातून सुटं सामान येतं आणि शहराच्या वेशीवर, हडपसरसारख्या ठिकाणी, ते गाडीला जोडलं जातं.

रेडियम, ज्यात रेडियम नाही

मागच्या फळीवर लाल-पिवळ्या चकाकणाऱ्या पट्ट्या, त्यांच्याच शेजारी मुलांची नावं. ते काम करणाऱ्याला आपण ‘रेडियमवाला’ म्हणतो. मेरी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ साली शोधलेलं रेडियम काही दशकं घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकलं. ते रंगवणाऱ्या अमेरिकेतल्या कामगार मुलींना त्याने जीवघेणे आजार दिले आणि ते मागे पडलं. शब्द मात्र राहिला. अंधारात चमकणारं काहीही रेडियम झालं.

गाडीवरची ही पट्टी स्वतः चमकत नाही. तिच्यात बारीक काचेचे मणी किंवा सूक्ष्म लोलक असतात आणि ते आलेला प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतात. ना वायर, ना बॅटरी, ना कुणाच्या डोळ्यांना त्रास. मागून येणाऱ्याच्याच उजेडावर ती त्याला सांगते: थांब, इथे मी आहे. आसाखालच्या कंदिलाचा खरा वारस हा आहे.

आणि नेमकी हीच गोष्ट सगळ्यात जास्त राहून जाते. गाळप हंगामात दौंड, बारामती, इंदापूरच्या रस्त्यांवर ऊस भरलेल्या ट्रॉल्या चालतात. पुढे ट्रॅक्टरवर दिव्यांची आरास आणि कानठळ्या बसवणारी गाणी, मागे बाहेर आलेल्या उसाने झाकलेला रिफ्लेक्टर. चालवणारा स्वतः उजेडात असतो. मागून येणाऱ्याला तो धडकेपर्यंत दिसत नाही. दरवर्षी हंगाम सुरू झाला की अशा अपघातांच्या बातम्याही सुरू होतात.

दीड मीटर

कायद्याने यावर विचार केलेला नाही असं म्हणता येत नाही. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १०६वा नियम आहे. त्यानुसार पुढच्या दिव्याचा झोत असा खाली झुकलेला हवा की दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणार नाही. दीड मीटर म्हणजे साधारण चालणाऱ्या बाईची किंवा बुटक्या पुरुषाची नजर. नियमांच्या रुक्ष भाषेत पायी चालणारं माणूस असं अचानक उभं राहतं. १११वा नियम गाडीपुढे स्पॉटलाइट लावायला मनाई करतो. वाहनात मूळ रचनेपासून बदल करू नये असं १९८८च्या कायद्याचं ५२वं कलम सांगतं आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अधिक ठामपणे सांगितलं.

पण ‘बदल’ या एका शब्दाखाली सगळं सारखंच येतं. डोळे आंधळे करणारा लाइटबार आणि उजेड नीट करणारी जाड वायर, दोन्ही कामं त्याच दुकानात, तोच माणूस करतो. दंडाची पावती झाली तर ती दिसणाऱ्या दिव्याची होते. रिफ्लेक्टर नसल्याची व्हावी तितकी होत नाही, आणि जुन्या घरात नवा दिवा बसवल्याची तर जवळपास होतच नाही. हॅलोजनच्या परावर्तकात एलईडीचा बल्ब खोचला की हेच घडतं. एच-फोरच्या डिपर फिलामेंटखाली धातूची एक छोटी वाटी असते. ती वर जाणारा प्रकाश अडवते आणि झोताला कड देते. स्वस्त एलईडीत ती वाटी आणि फिलामेंटची नेमकी जागा दोन्ही हुकतात. प्रकाश पांढराशुभ्र होतो आणि सैरावैरा पसरतो. आत बसलेल्याला वाटतं, वा, काय उजेड! त्यातला बराचसा झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर पडलेला असतो.

केबिनच्या आतही ‘कोण कुणाला दिसतो’ हाच प्रश्न आहे. एकेकाळी तिथे कॅसेटचा टेप बसायचा, तो ड्रायव्हरची झोप उडवायला. आता जीपीएस बसतो आणि ड्रायव्हर कुठे थांबला ते मालकाच्या मोबाइलवर दिसतं. मागच्या कॅमेऱ्यात हौद्यामागचं पोर दिसतं, ही मात्र निखळ चांगली गोष्ट. काय जोडलं यापेक्षा ते कुणासाठी जोडलं हे विचारलं की एकाच वायरिंगचे दोन अर्थ निघतात.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. पिकअप रिकामा असताना त्याचे दिवे जिथे पाहतात, तिथे तो भरल्यावर पाहत नाहीत. हौद्यात टनभर माल चढला की मागचे पाटे दबतात, नाक वर होतं आणि झोतही वर जातो. म्हणजे माल घेऊन रात्री शहरात येतानाच दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. सकाळी रिकामे परत जाताना ते अगदी शहाण्यासारखे खाली पाहतात. अनेक गाड्यांत यावरचा उपाय कंपनीनेच दिलेला असतो: डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं एक बारीक चाक. माल जितका जास्त तितका आकडा वाढवायचा, झोत खाली येतो. बहुतेकांनी ते कधी फिरवलेलं नसतं. ज्यांच्या गाडीत ते नाही, त्यांच्यासाठी भिंत आहे. माल भरून भिंतीसमोर गाडी उभी करायची, दिव्यांच्या उंचीवर खडूने रेघ मारायची आणि डिपरचा उजेड त्या रेघेच्या खाली येईपर्यंत मागचे स्क्रू फिरवायचे.

याला रिले लागत नाही, नाना पेठेत जावं लागत नाही, पैसेही लागत नाहीत. हडपसरमधले जुने मिस्त्री गाडी सोडायच्या आधी ‘माल किती भरता?’ असं विचारतात. तो धंद्याची चौकशी करतोय असं नव्या पोरांना वाटतं. तो समोरून येणाऱ्या, त्याला कधीच न भेटणाऱ्या माणसाची चौकशी करत असतो.