खात्याकडून कंपनीकडे: खमरियाची आयुध निर्माणी आणि सार्वजनिक उपक्रमाचे बदललेले रूप

लोकप्रशासनाच्या क्रमिक पुस्तकांत सार्वजनिक उपक्रमांचे तीन प्रकार दिलेले असतात: खातेनिहाय उपक्रम, वैधानिक महामंडळ आणि सरकारी कंपनी. पहिल्याचे उदाहरण रेल्वे किंवा टपाल, दुसऱ्याचे आयुर्विमा महामंडळ, तिसऱ्याचे हिंदुस्थान एरोनॉटिक्स. पुढे गुणदोषांचा तक्ता. तक्ता पाठ करून गुण मिळतात. पण एखादा उपक्रम एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जातो तेव्हा प्रत्यक्षात काय हलते, हे त्यातून कळत नाही. या टिपणात आपण तेच पाहणार आहोत, आणि त्यासाठी जबलपूरजवळच्या खमरिया येथील आयुध निर्माणी हे उदाहरण घेणार आहोत. हा कारखाना १९४२ पासून सरकारी खात्याचा भाग होता. १ ऑक्टोबर २०२१ रोजी तो एका कंपनीचा भाग झाला. दारूगोळा तोच, शेड तीच, कामगारही तेच. मग बदलले काय?

थोडी पूर्वपीठिका. कंपनी सरकारने १७७५ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये युद्धसाहित्याचे मंडळ नेमले. १८०१ मध्ये काशीपूरला तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला आणि १८ मार्च १८०२ रोजी तेथे उत्पादन सुरू झाले. आजही १८ मार्च हा आयुध निर्माणी दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रात खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. जबलपूरला १९०४ मध्ये तोफगाडी कारखाना आला. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजा ब्रह्मदेशात पोहोचल्यावर सीमेपासून दूर, देशाच्या मध्यभागी असलेल्या आणि रेल्वेने जोडलेल्या जागांचे महत्त्व वाढले. खमरिया हे त्याच काळातले अपत्य आहे. कारखान्याभोवती ईस्ट लँड, वेस्ट लँड अशा नावांच्या वसाहती वसल्या. निर्माणीत लागणे म्हणजे घर, दवाखाना, शाळा आणि निवृत्तिवेतन असे पिढ्यान्‌पिढ्यांचे गणित तिथे तयार झाले. हे गणित लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच युद्धाच्या काळात बंगळुरूला दुसरा एक कारखाना उभा राहत होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये विमानांची कंपनी काढली. १९४२ मध्ये सरकारने ती हाती घेतली, पण तिचे कंपनीचे रूप मोडले नाही. पुढे १ ऑक्टोबर १९६४ रोजी तिचीच हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली. म्हणजे एकाच युद्धातून, एकाच संरक्षण खात्याच्या छत्राखाली, एक कारखाना ‘खाते’ म्हणून वाढला आणि एक ‘कंपनी’ म्हणून. यामागे फार मोठे तत्त्वचिंतन होते असे मला वाटत नाही. जो जसा जन्माला आला तसा राहिला, इतकेच. प्रशासनाच्या इतिहासात असे वारंवार दिसते, आणि नंतरचे अभ्यासक त्याला धोरण म्हणतात.

आता खाते म्हणून कारखाना चालतो म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. हा या टिपणाचा गाभा आहे.

१९७९ पासून सर्व आयुध निर्माण्या कोलकात्याच्या आयुध निर्माणी मंडळाखाली होत्या. २०२१ मध्ये त्यांची संख्या ४१ होती. लष्कर आपली मागणी मंडळाकडे नोंदवी. मंडळ ती कारखान्यांत वाटून देई. माल तयार झाला की गुणवत्ता हमी महासंचालनालय तो तपासून घेई आणि मग तो लष्कराच्या डेपोत जाई. पैसे? पैसे खऱ्या अर्थाने हलतच नसत. लष्कराच्या शीर्षाखालून रक्कम वजा होऊन निर्माण्यांच्या शीर्षाखाली जमा दाखवली जाई. दोन्ही शीर्षे संरक्षण मंत्रालयाचीच. घरातल्या एका डब्यातून दुसऱ्या डब्यात धान्य ओतावे तसे.

किंमत कशी ठरे? कच्चा माल, मजुरी आणि कारखान्याचा वरखर्च मिळून जो खर्च येई तो उत्पादनावर विभागला जाई. आता स्वतः हिशेब करून पाहा. समजा वरखर्च १०० रुपये आहे आणि गोळे १०० हवे आहेत. प्रत्येक गोळ्यावर एक रुपया बसतो. पुढच्या वर्षी लष्कराने ५० गोळेच मागितले, पण वरखर्च तेवढाच राहिला, तर प्रत्येक गोळ्यावर दोन रुपये बसतात. मागणी कमी झाली की माल महाग होतो, आणि माल महाग झाला की लष्कर आणखी कमी मागते. बाजारात असे घडले तर दुकान बंद पडते. खात्यात दुकान बंद पडत नाही, कारण तोट्याचे पान असलेला ताळेबंदच नसतो. शिवाय अर्थसंकल्पातली रक्कम ३१ मार्चला संपते. न वापरलेला पैसा परत जातो, म्हणून नव्या यंत्रांचे नियोजन पाच-दहा वर्षांच्या हिशेबाने करणे कठीण होते.

याचा परिणाम कुठे दिसला? भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा, २०१७ चा १५ क्रमांकाचा अहवाल पाहा. सप्टेंबर २०१६ मध्ये तपासलेल्या १५२ प्रकारच्या दारूगोळ्यांपैकी ६१ प्रकारांचा, म्हणजे ४० टक्क्यांचा, साठा दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणारा नव्हता. ठरवलेले उद्दिष्ट ४० दिवसांचे होते. निर्माण्यांकडून ठरलेला पुरवठा न होणे हे अहवालाने दिलेल्या कारणांपैकी एक मोठे कारण होते. सार्वजनिक सेवेचे व्यवस्थापन हा विषय कधी कधी कोरडा वाटतो. इथे त्या सेवेचा लाभार्थी सीमेवर उभा असलेला सैनिक आहे, आणि त्याला तक्रार करायला दुसरे दुकान नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि विद्यार्थी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. दारूगोळ्याचा कारखाना शांततेच्या काळात पूर्ण क्षमतेने चालावा अशी अपेक्षाच चुकीची आहे. युद्ध सुरू झाले की मागणी अचानक कितीतरी पट वाढते. त्यासाठी यंत्रे, शेड आणि शिकलेले हात राखून ठेवावे लागतात. ही राखीव क्षमता हिशेबाच्या वहीत ‘अकार्यक्षमता’ म्हणून उमटते. अग्निशमन दलाचे बंब वर्षातून किती तास धावले यावरून दलाची किंमत ठरवावी तसा हा प्रकार. माझ्या मते आयुध निर्माण्यांवरच्या टीकेत दोन गोष्टींची गल्लत झाली: खरोखरचा ढिसाळपणा आणि मुद्दाम राखलेली क्षमता. खात्याच्या जमाखर्चात या दोन गोष्टी वेगळ्या दिसतच नव्हत्या, हा त्या पद्धतीचा सर्वांत मोठा दोष.

सुधारणेच्या शिफारशी वीस वर्षे येत राहिल्या. २००० मध्ये नायर समितीने निर्माण्यांचे महामंडळ करावे असे सुचवले. अर्थतज्ज्ञ विजय केळकर यांच्या समितीने २००४-०५ मध्ये सर्व निर्माण्यांची मिळून एकच कंपनी करावी आणि तिला नवरत्न दर्जा द्यावा असे म्हटले. रमण पुरी समितीने २०१५ मध्ये तीन-चार कंपन्यांची कल्पना मांडली. लेफ्टनंट जनरल शेकटकर यांच्या समितीनेही याच विषयाला हात घातला. कामगार संघटनांचे म्हणणे असे की, आमच्याशी बोलल्याशिवाय हे होणार नाही, अशी आश्वासने वेगवेगळ्या संरक्षणमंत्र्यांनी दिली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये देशभर महिनाभराचा संप पुकारला गेला. काही दिवसांतच चर्चेच्या आश्वासनावर तो स्थगित झाला.

मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, आत्मनिर्भर भारत योजनेच्या घोषणांत निर्माण्यांच्या कंपनीकरणाची घोषणा झाली. १६ जून २०२१ रोजी मंत्रिमंडळाने सात कंपन्यांना मंजुरी दिली. संघटनांनी बेमुदत संपाची भाषा सुरू करताच ३० जूनला अत्यावश्यक संरक्षण सेवा अध्यादेश आला आणि संपावर बंदी आली. पुढे त्याचा एक वर्षाच्या मुदतीचा कायदा झाला. केळकरांची एक कंपनी, पुरींच्या तीन-चार, आणि प्रत्यक्षात सात. हा आकडा का बदलत गेला हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊ शकतो.

जबलपूरवर याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. शहरातल्या चार निर्माण्या चार वेगवेगळ्या कंपन्यांत गेल्या. खमरिया पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे, तोफगाडी कारखाना कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंटकडे, वाहन कारखाना चेन्नईजवळच्या आवडीच्या आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे आणि ग्रे आयर्न फाउंड्री नागपूरच्या यंत्र इंडियाकडे. कालपर्यंत एकाच मंडळाला उत्तर देणारे शेजारी आता चार शहरांकडे पाहतात. म्युनिशन्स इंडियाच्या बारा कारखान्यांपैकी सहा महाराष्ट्रात आहेत: खडकीचे दोन, देहूरोड, वरणगाव, भंडारा आणि चांदा. जाता जाता एक गंमत: जबलपूरचा कारभार नागपूरकर भोसल्यांकडून १८१७ च्या अखेरीस इंग्रजांकडे गेला, पण १८६१ पासून १९५६ पर्यंत त्या प्रांताची राजधानी पुन्हा नागपूरच होती. खमरियाच्या कागदांना दक्षिणेचा रस्ता नवा नाही.

आता उत्तरदायित्वाकडे वळू. परीक्षेत नेमका हाच प्रश्न येतो. खाते असताना निर्माण्यांचा खर्च संरक्षण सेवांच्या अनुदानाच्या मागण्यांत संसदेसमोर येई आणि लोकलेखा समिती त्याची छाननी करी. कंपनी झाल्यावर ती जागा सार्वजनिक उपक्रम समितीकडे जाते. कॅग बाहेर पडत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार सरकारी कंपनीचे लेखापरीक्षक तेच नेमतात आणि पूरक लेखापरीक्षाही करू शकतात. माहितीचा अधिकारही लागू राहतो. बदलतो तो प्रश्न. पूर्वी विचारले जाई, ‘मंजूर पैसा नियमाप्रमाणे खर्च झाला का?’ आता विचारले जाते, ‘नफा किती?’

पहिले उत्तर लवकर आले. ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२२ या पहिल्या सहा महिन्यांत सातपैकी सहा कंपन्यांनी तात्पुरता नफा दाखवला. अपवाद यंत्र इंडियाचा. म्युनिशन्स इंडियाला सुमारे ५०० कोटी रुपयांची निर्यातीची मागणीही मिळाली. सरकारने हे यश म्हणून मांडले. तुम्ही मात्र थोडे थांबा. नव्या कंपन्यांना जुन्या मागण्या करारांत बदलून देण्यात आल्या, सुमारे ६५,००० कोटी रुपयांच्या, आणि त्यांपोटी आगाऊ रकमाही दिल्या गेल्या. गिऱ्हाईक तेच, बाजारही तोच. सहा महिन्यांत यंत्रे बदलत नाहीत; बदलली ती हिशेबाची वही. याचा अर्थ नफा खोटा असा नाही. पूर्वी जे मोजलेच जात नव्हते ते मोजले जाऊ लागले, हाही बदलच. पण कंपनीकरण सफल झाले का, हे ठरवायला ताळेबंद पुरेसा नाही. कॅगच्या त्या १५२ प्रकारांच्या तक्त्यातले साठ्याचे दिवस वाढले का, हा खरा निकष धरावा लागेल.

आणखी एक निकष ताळेबंदात कधीच येत नाही. मार्च २०१७ मध्ये खमरियाच्या निर्माणीत स्फोटांसह मोठी आग लागली. तेव्हा ती खात्याची होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथेच स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. तेव्हा ती कंपनीची होती. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या निर्माणीतील स्फोटात किमान आठ जणांचा जीव गेला. उपक्रमाचे कायदेशीर रूप बदलले म्हणून स्फोटक भरणाऱ्या हातांचा धोका कमी झाला नाही, आणि ते रूप बदलल्यामुळेच अपघात झाले असे म्हणायलाही आधार नाही. सुरक्षितता वेगळ्याच गोष्टींवर अवलंबून असते: इमारतींमधले अंतर, एका शेडमध्ये एका वेळी ठेवायच्या मालाची आणि माणसांची मर्यादा, यंत्रांचे वय, उत्पादनाची घाई. ‘खाते की कंपनी’ या वादात या गोष्टी बहुतेक वेळा सुटून जातात.

राहिले कामगारांचे गणित. सत्तर हजारांहून अधिक कर्मचारी एका रात्रीत नव्या कंपन्यांकडे गेले, पण ते कंपन्यांचे नोकर झाले नाहीत. त्यांना ‘मानीव प्रतिनियुक्ती’वर पाठवले गेले, म्हणजे नोकरी केंद्र सरकारची, काम कंपनीचे, वेतन, रजा आणि निवृत्तीचे नियम सरकारीच. बीएसएनएल १ ऑक्टोबर २००० रोजी अशीच दूरसंचार खात्यातून निघाली होती, तेव्हाही हा मधला मार्ग वापरला गेला. निर्माण्यांसाठी पहिली मुदत दोन वर्षांची होती. ती वाढवून ३१ डिसेंबर २०२४ आणि नंतर ३१ डिसेंबर २०२५ करण्यात आली. दरम्यान म्युनिशन्स इंडियाच्या चांदा, देहूरोड यांसारख्या कारखान्यांनी स्फोटकांच्या इमारतींत काम करण्यासाठी ठरावीक मुदतीच्या कंत्राटावर भरती सुरू केली. बहुतेक उमेदवार निर्माण्यांतच शिकाऊ म्हणून तयार झालेले. त्यामुळे आज एकाच इमारतीत, एकाच प्रकारचा गोळा भरताना, शेजारी शेजारी दोन माणसे उभी असू शकतात: एक केंद्र सरकारचा प्रतिनियुक्त नोकर, दुसरा कंपनीचा मुदतबंद कामगार. एकाचे निवृत्तीचे वय ठरलेले आहे, दुसऱ्याच्या कंत्राटाची तारीख.