बंद पडलेल्या खेळाचे दप्तर

तीन वर्षे मी एका छोट्या कंपनीसाठी घरून काम केले. माझे टेबल मिरजेत, बाकीचे कोणी नागपुरात, कोणी बंगळूरला, एकजण थेट लिस्बनला. आमची प्रत्यक्ष भेट एकदाच झाली. बाकी सारा व्यवहार स्लॅकवर चालायचा. कामाचे वाटप तिथे, भांडणे तिथे, रमजानात संध्याकाळी अर्धा तास मी जागेवर नसेन ही सूचनाही तिथेच. एका ईदला सगळ्यांनी शीरखुर्म्याची कृती मागितली, तेव्हा अम्मीला शेजारी बसवून ती सांगेल तशी मी टाइप केली होती. मग एका मंगळवारी दुपारी नोकरी गेल्याची मेल आली आणि ती वाचून होईपर्यंत खाते बंद झालेले होते. हिशेब चुकता झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण तीन वर्षांचे लिखाण माझ्यापुरते संपले. त्यानंतरच मी या साधनाचा इतिहास शोधून वाचू लागलो.

गंमत अशी की हे साधन कुणी ठरवून बनवायला घेतले नव्हते. स्टुअर्ट बटरफिल्ड हा कॅनडाचा माणूस, शिक्षण तत्त्वज्ञानाचे. २००२ मध्ये त्याने एका ऑनलाइन खेळासाठी कंपनी काढली. खेळ चालला नाही. त्यातून फ्लिकर हे छायाचित्रांचे संकेतस्थळ निघाले आणि २००५ मध्ये ते याहूने विकत घेतले. २००९ मध्ये जुन्या साथीदारांना घेऊन तो पुन्हा खेळाकडेच वळला. कंपनीचे नाव टायनी स्पेक, खेळाचे नाव ग्लिच.

माणसे विखुरलेली होती: काही व्हँकुव्हरला, काही सॅन फ्रान्सिस्कोला, काही न्यूयॉर्कला. न्यूयॉर्कचे घड्याळ तीन तास पुढे, म्हणजे तिथला माणूस कामाला बसतो तेव्हा बाकीचे झोपेत. एकमेकांशी बोलण्यासाठी ते आयआरसी वापरत. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन याने १९८८ मध्ये बनवलेली ही गप्पांची व्यवस्था. तिची मोठी अडचण म्हणजे स्मरणशक्ती नाही. तुम्ही त्या क्षणी जोडलेले असाल तर बोलणे दिसेल, नसाल तर गेले. चहाच्या टपरीवर उशिरा पोहोचलेल्या माणसाची जी गत, तीच. म्हणून या मंडळींनी प्रत्येक संदेश साठवायची सोय केली. साठवले तर शोधता यायला हवे, म्हणून शोध आला. मग कुणी फाइल चढवली की तिची वर्दी गप्पांतच येऊ लागली. हे सगळे गरज पडेल तसे, फावल्या वेळात. आपण काही विकण्याजोगे बनवतो आहोत असे कुणाच्या मनात नव्हते.

ग्लिच सप्टेंबर २०११ मध्ये सर्वांसाठी खुला झाला, दोन महिन्यांत पुन्हा चाचणीत गेला आणि डिसेंबर २०१२ मध्ये कायमचा बंद झाला. तो फ्लॅशवर बांधलेला होता आणि लोक तोवर मोबाइलकडे वळले होते. बहुतेक कर्मचाऱ्यांना काढावे लागले. ते सांगताना बटरफिल्डला रडू आवरले नाही. काढलेल्यांना काम मिळावे म्हणून कंपनीने त्यांची माहिती देणारे एक पान इंटरनेटवर टाकले. हा तपशील वाचताना मी थोडा वेळ थांबलो, कारण उघड आहे.

काही लाख नव्हे, काही दशलक्ष डॉलर शिल्लक होते आणि गुंतवणूकदारांनी ते परत न मागता दुसरे काही करा म्हटले. उरलेल्या मूठभर लोकांनी आपलेच अंतर्गत साधन नव्याने लिहिले. ओळखीच्या कंपन्यांना वापरून पाहा म्हणून विनवण्या केल्या. आर्डिओ या संगीत कंपनीत आधी छोटा गट, मग सगळेच ते वापरू लागले, तेव्हा कळले की दहा जणांत छान चालणारी गोष्ट शंभरांत कोलमडते. ऑगस्ट २०१३ मध्ये नावनोंदणी खुली झाली. पहिल्याच दिवशी आठ हजार विनंत्या आल्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये स्लॅक सर्वांसाठी उघडले.

असे साधन पहिलेच होते असेही नाही. कॅम्पफायर २००६ पासून होते, हिपचॅटही आधीचे. माझ्या मते फरक पडला तो दप्तराने. शोध, फोन आणि संगणक यांचा मेळ, आणि फाइली वाटणे, या तीन गोष्टींवर त्यांनी जीव ओतला. स्लॅक म्हणजे खरे तर ढिलाई, पण त्या इंग्रजी अक्षरांचा त्यांनी अर्थ लावला तो असा: सर्व संभाषणाची आणि ज्ञानाची, शोधता येईल अशी नोंदवही.

दूरवरच्या माणसांची नोंद केंद्रात ठेवणे आपल्याकडे नवे नाही. मोगलांचे वाकेनवीस सुभ्यासुभ्यातून बातम्या लिहून पाठवत. शिवकाळातला वाकनीस त्याच शब्दातून आला. एकाच सुभ्यावर उघड लिहिणारा वेगळा आणि गुप्तपणे लिहिणारा वेगळा, म्हणजे एकाची लबाडी दुसऱ्याच्या कागदात सापडावी. सेतुमाधवराव पगडींनी मोगल दरबारची बातमीपत्रे मराठीत आणली, त्यामुळे आपण ती आज वाचू शकतो. मात्र वाकेनवीसाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: लिहिलेला कागद आपला नाही, दरबाराचा आहे.

आम्हाला ते ठाऊक नव्हते. म्हणजे करारात होते, पण कळले नव्हते. फुकट वापरणाऱ्यांना बरीच वर्षे शेवटचे दहा हजार संदेशच दिसत. बाकीचे असूनही नसल्यासारखे. २०१८ मध्ये नियम बदलले आणि ठरावीक योजनेतल्या मालकांना, कायदा परवानगी देत असेल तिथे, खासगी संदेशही काढून घेण्याची वाट मोकळी झाली, तीही कर्मचाऱ्याला न कळवता. ज्या शोधामुळे न्यूयॉर्कच्या माणसाची सोय झाली होती, तोच शोध मालकाच्या हाती गेला की त्याचे रूप बदलते. बनवणाऱ्यांची नियत वाईट होती असे मी म्हणणार नाही. टायनी स्पेकमध्ये दप्तर लिहिणारे आणि वाचणारे एकच होते, एवढेच.

पुढचा इतिहास पैशाचा आहे. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदणी. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध युरोपीय आयोगाकडे तक्रार, आणि त्याच डिसेंबरात सेल्सफोर्सशी २७.७ अब्ज डॉलरचा सौदा जाहीर. २०२३ च्या सुरुवातीला बटरफिल्डही बाहेर पडला.

मी जुन्या कंपनीला मेल लिहिली होती, निदान माझे खासगी लिखाण मिळेल का म्हणून. उत्तर सभ्य होते: तो कंपनीचा दस्तऐवज आहे. कायद्याने बरोबरच. अम्मी गेल्या वर्षी गेली. लिस्बनच्या सहकाऱ्याने त्या ईदच्या दिवशी पडद्याचा फोटो काढून ठेवला होता, तो त्याने आपणहून पाठवला. त्यात कृती खारीक भिजवण्यापर्यंत दिसते. पुढचा भाग खाली स्क्रोल करून पाहायचा होता.