नियती, इच्छास्वातंत्र्य आणि सोलापूरचे ढग

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत मकर संक्रांतीच्या सुमारास 'भाकणुकी'चा विधी होतो. दिवसभर उपाशी ठेवलेले वासरू समोरच्या पदार्थांना तोंड लावते की नाही, बिथरते की शांत राहते, यावरून पाऊसपाणी आणि महागाई यांचे भाकीत केले जाते. पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात पावसाची उत्सुकता स्वाभाविक आहे. मात्र, कोणत्याही भाकितामागे एक जुना प्रश्न असतोच : जे घडणार, ते आधीच ठरलेले असते काय?

नियतिवाद म्हणजे काय?
पूर्वस्थिती आणि निसर्गनियम यांवरून पुढील प्रत्येक घटना निश्चित होते, या मताला नियतिवाद म्हणतात. विश्वातील सर्व बले आणि सर्व वस्तूंची स्थिती जाणणाऱ्या बुद्धीला भविष्य भूतकाळाइतकेच स्पष्ट दिसेल, असे फ्रेंच गणिती लाप्लास याने १८१४ मध्ये मांडले.

तथापि, अशी संपूर्ण माहिती मिळणे अशक्य असल्याचे पुढे दिसून आले. कणाचे स्थान आणि संवेग एकाच वेळी हव्या तितक्या अचूकतेने निश्चित करता येत नाहीत, हे हायझेनबर्गने १९२७ मध्ये दाखविले. हवामानाच्या गणितात सुरुवातीचा सूक्ष्म फरकही पुढे प्रचंड वाढतो, हे एडवर्ड लॉरेन्झच्या १९६३ च्या संशोधनातून स्पष्ट झाले. म्हणजेच, एखादी गोष्ट नियमाने घडत असली, तरी ती आधी सांगता येईलच असे नाही.

न दिसणारी दुसरी शक्यता
पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरात कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. त्यात २७६ ढग अभ्यासले गेले. बीजारोपण केलेल्या ढगातून पाऊस पडला, तर तो एरवीही पडला असता काय? तोच ढग दोन्ही प्रकारे पाहता येत नाही. म्हणून बीजारोपण कोणत्या ढगात करायचे हे यादृच्छिक पद्धतीने ठरवून दोन गटांची तुलना करण्यात आली. वाऱ्याच्या दिशेकडील सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के अधिक पाऊस झाल्याचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. हा आकडा गटाविषयी आहे, एकेका ढगाविषयी नव्हे.

इच्छास्वातंत्र्याचे काय?
'मी वेगळे वागू शकलो असतो' या विधानाची अडचण हीच आहे. न निवडलेला मार्ग कोणालाच पाहता येत नाही. अणुविश्वातील अनिश्चिततेनेही स्वातंत्र्य सिद्ध होत नाही. केवळ योगायोगाने झालेली कृती स्वतःची कशी म्हणावी? त्यामुळे, सक्तीविना आणि स्वतःच्या विचाराने केलेली कृती, तिला कारणे असली तरी, स्वतंत्रच होय, असे अनेक तत्त्वज्ञ मानतात. लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त या प्रश्नाला स्वतंत्र प्रकरण दिले. कर्माची साखळी मान्य करूनही मोक्षासाठी प्रयत्न करण्याचे आत्म्याचे स्वातंत्र्य त्यांनी प्रतिपादले.

हा वाद व्यवहारापासून दूर नाही. पेरणी केव्हा करायची, हे शेतकऱ्याला अपुऱ्या माहितीवरच ठरवावे लागते. पाऊस लांबला आणि दुबार पेरणीची वेळ आली, तर त्याच्या निर्णयाचे मोजमाप नंतर दिसलेल्या परिणामावरून नव्हे, तर त्या वेळी त्याला जे कळू शकत होते त्यावरूनच व्हायला हवे.