काळी वाळू आणि मोझलीचा क्रम

रत्नागिरीजवळच्या काळबादेवीच्या किनाऱ्यावर काळी वाळू आढळते. तिच्यात इल्मेनाइट असते. म्हणजे लोह आणि टायटॅनियम यांचे ऑक्साइड. पण कण न विरघळवता त्यातली मूलद्रव्ये ओळखायची कशी?

मेंडेलीव्हने १८६९ साली मूलद्रव्ये मांडली ती मुख्यतः अणुभारानुसार. त्या हिशेबाने निकेल कोबाल्टच्या आधी यायला हवे. गुणधर्म मात्र उलट सांगत. १९१३ मध्ये हेन्री मोझली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने कॅल्शियम ते जस्त या पट्ट्यातील दहा मूलद्रव्यांचे क्ष-किरण मोजले. टायटॅनियम आणि लोह त्यांत होतेच. किरणांच्या वारंवारतेचे वर्गमूळ अणुक्रमांकागणिक सारख्याच पायरीने वाढत होते. खरा क्रम ठरला : कोबाल्ट २७, निकेल २८. पुढे १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईत मोझली मारला गेला. वय अवघे २७.

१९५१ पर्यंत फ्रान्समध्ये रेमाँ कास्तँ यांनी इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत टाकून सूक्ष्म ठिपक्याचे पृथक्करण करणारे उपकरण सिद्ध केले. अशा प्रयोगशाळांत आवर्तसारणीच्या चौकटींत क्ष-किरणांची ऊर्जा छापलेला तक्ता हाताशी असतो : टायटॅनियम ४.५१, लोह ६.४० किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट.

मात्र टायटॅनियमची दुसरी रेषा ४.९३ वर येते आणि व्हॅनेडियमची मुख्य रेषा ४.९५ वर. ऊर्जा मोजणाऱ्या नेहमीच्या उपकरणाला त्या वेगळ्या दिसत नाहीत. घाई केली तर आपण इल्मेनाइटमध्ये नसलेले व्हॅनेडियमही 'शोधून' काढू!

आपल्या वर्गातल्या सारणीत अणुभाराचा क्रम आणखी कुठे उलटतो, हे विद्यार्थ्यांनाच शोधायला सांगू या.