दुसऱ्या पानाची किंमत

सप्टेंबर १९८४ मध्ये इंग्लंडात 'एलिट' हा व्हिडिओ गेम विक्रीस आला. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या इयन बेल आणि डेव्हिड ब्रेबेन या दोन तरुणांनी तो बीबीसी मायक्रो या संगणकासाठी लिहिला होता. नुसत्या रेघांनी रेखाटलेली अंतराळयाने त्यात त्रिमितीत वळत, जवळ येत, दूर जात. मात्र त्या रेघा सतत लुकलुकत. हा दोष लिहिणाऱ्यांच्या ढिलाईचा नव्हता. त्यांच्या संगणकात दुसरे पान मावत नव्हते.

दुसरे पान म्हणजे काय? जुन्या काचेच्या पडद्यावर इलेक्ट्रॉनचा झोत वरून खाली, ओळीमागून ओळ, सेकंदाला ५० किंवा ६० वेळा फिरे. कोणत्या ठिपक्याला कोणता रंग, हे मेमरीच्या एका राखीव भागातून, म्हणजे फ्रेम बफरमधून, वाचले जाई. प्रोग्राम त्याच भागात चित्र काढत असताना झोत तिथून गेला, की प्रेक्षकाला अर्धवट चित्र दिसे. उपाय सोपा होता. एक पान पडद्यावर दाखवायचे, दुसऱ्यावर गुपचूप पुढचे चित्र पुरे करायचे आणि मग पाने बदलायची. १९६२ च्या 'तो मी नव्हेच'चा फिरता रंगमंच ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही युक्ती नवी वाटणार नाही. समोर प्रवेश चालू असताना मागे पुढच्या प्रवेशाची मांडणी होत असे.

अडचण कल्पनेची नव्हती, मेमरीची होती. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रिचर्ड शूप यांची 'सुपरपेंट' ही रंगीत चित्रप्रणाली चालू झाली. ६४० गुणिले ४८० ठिपके, प्रत्येकास एक बाइट, म्हणजे एका पानाला ३,०७,२०० बाइट. ही मेमरी शिफ्ट रजिस्टरची होती. तिच्यात बिट रांगेने पुढे सरकत राहत, त्यामुळे एखादा ठिपका बदलायचा तर त्याची पाळी येईपर्यंत थांबावे लागे. त्याच केंद्रात त्याच वर्षी घडलेल्या 'आल्टो' संगणकाचा पडदा निव्वळ काळा-पांढरा होता. तरीही ६०६ गुणिले ८०८ ठिपक्यांच्या त्या एका पानाने यंत्राची जवळपास अर्धी मेमरी व्यापली जाई. जिथे पहिलेच पान इतके महाग, तिथे दुसऱ्याची भाषा कोण करणार?

घरगुती यंत्रांची स्थिती तर याहून बिकट होती. १९७७ च्या अटारी २६०० मध्ये फ्रेम बफरच नव्हता. होती ती १२८ बाइट मेमरी. झोत एक ओळ पार करी तेवढ्यात प्रोसेसरच्या ७६ आवर्तनांत त्या ओळीचे चित्र ठरवावे लागे. त्याच वर्षीच्या अ‍ॅपल २ मध्ये मात्र स्टीव्ह वॉझ्निअॅक यांनी उच्च दर्जाच्या चित्रांसाठी ८ किलोबाइटची दोन पाने आखून ठेवली होती. एका ठराविक पत्त्याला नुसता स्पर्श केला, की पान बदले. गंमत अशी, की सर्वात स्वस्त अ‍ॅपल २ केवळ ४ किलोबाइट मेमरीचा होता. आखलेले पहिले पानही त्या ग्राहकाच्या नशिबी नव्हते.

बीबीसी मायक्रोच्या लोकप्रिय 'बी' आवृत्तीत एकूण ३२ किलोबाइट. त्याची सर्वात रंगीत चित्रपद्धती एका पानालाच २० किलोबाइट मागे. बेल आणि ब्रेबेन यांनी पडदा आक्रसून, त्याच्या वरच्या व खालच्या भागांना वेगवेगळ्या चित्रपद्धती देऊन ही मागणी निम्म्याहून खाली आणली. पण वाचलेली जागा खेळालाच हवी होती. दुसऱ्या पानाऐवजी त्यांनी 'एक्सक्लुझिव्ह ऑर' ही बिट उलटवण्याची क्रिया वापरली. तीच रेघ त्याच जागी पुन्हा ओढली, की ती पुसली जाते आणि मागचे चित्र जसेच्या तसे परतते. त्यासाठी आधी ओढलेल्या रेघांची यादी तेवढी जपावी लागे. जुने यान पुसल्यावर आणि नवे उमटण्याआधी झोत तिथून गेला, तर त्या क्षणी यान नाहीसेच दिसे. लुकलुक होई ती इथे. ही तडजोड हुशारीची होती, आणि रंगांच्या संख्येने यंत्रांची प्रतवारी लावणाऱ्या इतिहासात ती नेमकी गळते. भारत सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून १९८४ पासून शाळांत आलेले संगणकही बीबीसी मायक्रोच होते, हे इथे जाता जाता नोंदवायला हवे.

१९८७ मध्ये आयबीएमने व्हीजीए ही चित्रप्रणाली २५६ किलोबाइट मेमरीसह आणली. टंचाई संपली असे वाटावे, पण २५६ रंगांच्या प्रचलित पद्धतीत तिच्यापैकी फक्त ६४ किलोबाइट प्रोग्रामच्या हाती येत. एका पानाला ६४,००० बाइट लागत, म्हणजे पुन्हा एकच पान! मेमरी होती, पण कुलूपबंद. मायकेल अब्राश यांनी जुलै १९९१ मध्ये 'डॉक्टर डॉब्ज जर्नल'मध्ये ते कुलूप उघडण्याची रीत छापली आणि तिला 'मोड एक्स' म्हटले. चिपची नोंदस्थाने थेट बदलली, की सगळी मेमरी खुली होई.

डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या 'डूम'ने याच कुळातली रीत वापरली आणि दोनवर न थांबता तीन पाने घेतली. दोनच पाने असतील, तर झोत वर परतेपर्यंत प्रोग्रामला हात बांधून बसावे लागते. तिसरे असेल, तर तो लगेच पुढच्या चित्राला लागतो. त्या तीन पानांचे १,९२,००० बाइट म्हणजे 'एलिट' ज्या यंत्रात बसवला गेला, त्याच्या संपूर्ण मेमरीच्या जवळपास सहापट.